राखणदार आणि रक्षक दूत

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती घरांत दिवेलागण ही अजूनही प्रार्थनेची वेळ आहे. रोझरीची प्रार्थना, जिला घरातील वडील मंडळी तेर्स म्हणतात, संपली की धाकटे मूल हात जोडून आजीपुढे उभे राहते आणि बेसांव मागते. आजी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढते. मूल दिवसभर किरकिर करीत असले, जेवले नसले, तर हीच आजी मूठभर मीठ आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन त्याची दिष्ट काढते व ते सारे चुलीत टाकते. मिरचीचा ठसका लागला नाही तर दिष्ट मोठी होती, असे शेजारीण म्हणते तसेच तीही म्हणते. अंगणाबाहेर, पाणंदीच्या वळणावर, गावच्या राखणदाराची जागा असते. तिन्हीसांजेला तेथून एकट्याने जाऊ नये, हे त्या मुलाला कुणी निराळे शिकवावे लागत नाही.

एकाच मुलाभोवती अशी तीन संरक्षणे उभी आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला चौथे सांगितले जाते, ते म्हणजे परमेश्वराने प्रत्येकाच्या पाठीशी नेमलेला रक्षक दूत. राखणदार आणि रक्षक दूत एकच काय, असा प्रश्न अशाच एका वर्गात एका मुलाने विचारलेला आम्ही ऐकला आहे. वर्ग हसला आणि धडा पुढे गेला. तो प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही; कारण आपल्या बालधर्मशिक्षणाच्या वाङ्मयाने ज्याचे उत्तर द्यावयास हवे होते आणि दिलेले नाही, असा तो प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्या वाङ्मयाचा, त्याच्या उगमापासून, या एका प्रश्नाच्या अनुरोधाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या ख्रिस्ती साहित्याचा आरंभ मुलांच्या धर्मशिक्षणाशी किती निगडित आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे १५४९ मध्ये इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मधील मृत्यूपर्यंतची चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः सासष्टीत घालविली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी कवीने एक प्रसंग योजिला आहे. पाद्री-गुरू मुलांना ख्रिस्ती सिद्धांत शिकवीत आहेत, आणि ते ऐकणारा एक ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही आम्हांस सोडावयास लावलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत नवे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढचा सारा ग्रंथ अवतरतो.

या प्रसंगाचे मोल केवळ कथानकाची प्रस्तावना एवढेच नाही. माणसाच्या मनातील एखादी जागा रिकामी केली तर ती रिकामी राहत नाही, हे स्टीफन्स यांस पुरते ठाऊक होते. ज्या श्रोत्याच्या कानावर कालपरवापर्यंत रात्री पुराण पडत होते, त्याला नुसती प्रश्नोत्तरी पुरणार नाही. त्याला कथा हवी, ओवी हवी, वैकुंठ हा त्याच्या ओळखीचा शब्द हवा. स्टीफन्स यांनी तो शब्दही घेतला आणि स्वर्गाला लावला. भयाच्या बाबतीतही हेच खरे आहे. पाणंदीवरचा राखणदार मुलाच्या मनातून काढावयाचा, तर त्या वळणावर कोण उभा आहे, हे त्याला सांगावेच लागेल.

मुलांसाठी मात्र याच लेखकाने निराळे पुस्तक केले. ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही त्यांची प्रश्नोत्तरी त्यांच्या निधनानंतर, १६२२ मध्ये, रायतूर येथे छापली गेली. मार्कुश जोर्ज या पोर्तुगीज येशूसंघीयाच्या पुस्तकाच्या आधाराने ती रचलेली असून, मुलांना शिकविण्यासाठी संवादाच्या रीतीने मांडलेली आहे, असे तिच्या शीर्षकातच म्हटले आहे. तिची भाषा कोकणी आहे. त्या काळी ती ‘ब्राह्मण कानारी’ या नावाने ओळखली जाई. पुराण ग्रांथिक मराठीत आणि मुलांचा धडा घरच्या बोलीत, हा विवेक सतराव्या शतकाच्या आरंभी एका परदेशी माणसाने दाखविला. आज आपल्या सिंधुदुर्गातील मूल घरी कोकणी किंवा मालवणी बोलते, शाळेत प्रमाण मराठी शिकते आणि प्रार्थना पुस्तकी मराठीत पाठ करते. त्याला भीती वाटते ती बोलीत, आणि त्या भीतीवरचा उपाय मात्र आपण त्याला ग्रांथिक भाषेत देतो. उपाय आणि भय यांची गाठ पडत नाही ती यामुळेच. ‘दुष्टाची कारस्थाने’, ‘आत्मिक शस्त्रसामग्री’ हे शब्द दहा वर्षांच्या मुलाला परीक्षेच्या उपयोगी पडतील. काळोखात वाडीकडे परतताना ते त्याच्या ओठावर येणार नाहीत.

आता क्रुसाच्या खुणेकडे वळू. त्या काळच्या प्रश्नोत्तऱ्यांत ख्रिस्ती माणसाची ओळख म्हणून ही खूण अगदी आरंभीच शिकविली जाई. कपाळ, ओठ आणि छाती यांवर तीन लहान क्रूस काढावयाचे आणि शत्रूंपासून सोडविण्याची विनवणी करावयाची. ही रीत फार प्राचीन आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेर्तुल्यन हा लेखक सांगतो की, ख्रिस्ती लोक घरातून निघताना, परतताना, अंघोळीच्या वेळी, जेवावयास बसताना कपाळावर ही खूण करीत. मुलाला शिकविताना परंपरेने तिचे जे स्पष्टीकरण दिले, ते आम्हांस बालशिक्षणाचा उत्तम नमुना वाटते. कपाळावरचा क्रूस वाईट विचारांपासून, ओठांवरचा वाईट शब्दांपासून आणि छातीवरचा अंतःकरणातून निघणाऱ्या वाईट इच्छांपासून व कृत्यांपासून रक्षण मागतो. मूल विचारते ते बाहेरच्या शत्रूविषयी. धडा त्याचे भय नाकारीत नाही, त्याला हसत नाही. केवळ त्याचे बोट हलकेच त्याच्याच कपाळावर ठेवतो. जगाचा, देहाचा आणि सैतानाचा उल्लेख पुढे येतो, पण पहारा कोठे बसवावयाचा, हे आधी ठरून गेलेले असते. आजीचा अंगठा रोज रात्री हेच करीत असतो, फक्त त्याचा अर्थ ती सांगत नाही, कारण तिलाही तो कुणी सांगितलेला नसतो.

येथपर्यंत परंपरेचे ऋण मान्य करावे. पण टीकाकाराचे काम येथे संपत नाही. ‘ख्रिस्तपुराणा’त देवदूतांच्या उत्पत्तीची आणि त्यांतील गर्विष्ठांच्या पतनाची कथा येते, आणि या पतितांना जे नाव दिले गेले ते ‘देवचार’. हा शब्द गोव्याच्या व दक्षिण कोकणच्या हिंदू लोकसमजुतीत गावाच्या सीमेवर फिरणाऱ्या राखणदाराचा आहे. तो रात्री गावाची फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवितो, चुकले तर शिक्षाही करतो. गावकरी त्याला मान देतात, गाऱ्हाणे घालतात, आणि जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. ख्रिस्ती कोकणीत मात्र ‘देवचार’ म्हणजे सैतान. दुसरा अर्थ उरलाच नाही. एकाच वाडीत दोन कुंपणांच्या आत एकच शब्द दोन टोकांना जाऊन बसला. शेजारच्या मुलाचा रक्षक तो आपल्या मुलाचा शत्रू झाला.

त्या काळातील लेखकाला दोष देणे सोपे आहे, आणि आम्ही ते करू इच्छीत नाही. भाषांतर करणाऱ्याला हाताशी असलेल्या शब्दांतूनच निवड करावी लागते. वैकुंठ घेणारा लेखक देवचारही घेणार. परंतु दोन शब्द घेताना दोन निरनिराळ्या नीती वापरल्या गेल्या, हे नोंदविणे भाग आहे. वैकुंठाचा आशय बदलून त्याचा मान राखला गेला. देवचाराचा मानच काढून घेतला गेला. मुलाच्या दृष्टीने या दुसऱ्या निवडीचा परिणाम पहिल्यापेक्षा अधिक खोल झाला. वैकुंठ दूर असतो, देवचार पाणंदीवर असतो.

मुलांना आध्यात्मिक संरक्षण शिकविण्याच्या इतिहासात हा कडवटपणा नवा नव्हता. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. घंटा वाजवीत रस्त्यांतून जाऊन मुले गोळा करणारा हा संत आपल्या आदराचाच विषय आहे. पुढे दक्षिणेच्या मोतीकिनाऱ्यावरील कार्याविषयी १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या त्यांच्या पत्रात मुलांची दोन चित्रे आहेत. आजाऱ्यांच्या घरी त्यांनी मुलांना पाठविले; मुले अंथरुणाभोवती उभी राहून प्रार्थना म्हणत आणि आजाऱ्याला धीर येई. संरक्षण मागणारे मूल येथे दुसऱ्याला संरक्षण देणारे होते. याहून सुंदर धर्मशिक्षण आम्हांस ठाऊक नाही. पण त्याच पत्रात तीच मुले आईबापांच्या मूर्तिपूजेची बातमी गुरूकडे नेतात, मूर्ती फोडतात, त्या पायांखाली तुडवितात, आणि संत ते आनंदाने लिहितात. सोळाव्या शतकाच्या मापाने हे समजून घेता येते. तथापि मुलाला सैतानापासून वाचवावयाचे म्हणून आईबापांविरुद्ध व शेजाऱ्यांविरुद्ध उभे करणे, ही त्या शिक्षणातील चूक होती, असे आज आपण म्हणावयास हवे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, चाललेल्या इन्क्विझिशनने हीच चूक दंडशक्तीच्या हाती दिली. १७३६ च्या तिच्या जाहीरनाम्यात तर नवख्रिस्तींच्या लग्नकार्यातील आणि घरगुती जीवनातील साध्यासाध्या चालीरीतीही निषिद्ध ठरल्या. गोव्यातून निरनिराळ्या काळी इकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूस आलेल्या घराण्यांच्या वंशजांना भीतीने शिकविलेल्या धर्माविषयी कुणी निराळे प्रवचन देण्याची गरज नसावी.

विशेष हे की, ज्या वचनाच्या आधारे आत्मिक युद्धाची भाषा शिकविली जाते, ते वचनच या चुकीला आडवे येते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या शुभवार्तेची पादत्राणे, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तरवार अशी सहा साधने सांगतात. त्यांतील पाच अंगावर घालावयाची अथवा वार झेलावयाची आहेत. सहावे जे शस्त्र, ते देवाचे वचन आहे. आणि ही यादी सुरू करण्यापूर्वी ते स्पष्ट करतात की, आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांशी नाही. आपल्या बालवर्गात या सहा साधनांचे चित्र रंगविण्यास दिले जाते, यादी पाठ करून घेतली जाते; तिच्या आधीचे हे वाक्य मात्र बहुधा सुटून जाते. ते सुटले की ढालीपलीकडे कोण उभा आहे, हे मूल स्वतःच ठरविते, आणि त्याला तेथे शेजाऱ्याचा देव दिसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे आपले घोषणापत्र प्रसिद्ध करून त्या धर्मांतील सत्य आणि पवित्र अशा गोष्टींचा अव्हेर न करण्याची भूमिका घेतली. कित्येक दशके लोटली, तरी ती भूमिका पाणंदीच्या वळणापर्यंत पोचलेली नाही.

मग त्या मुलाला उत्तर काय द्यावे? आमच्या मते ते असे देता येईल. दोघे एक नव्हेत. राखणदार हा गावाने मानलेला पहारेकरी; त्याला आपण काही दिले नाही तर तो रागावतो, असे गाव समजते. रक्षक दूत देवाने पाठविलेला; त्याला नारळ द्यावा लागत नाही, विडी द्यावी लागत नाही, आणि विसरल्यास तो सूडही घेत नाही. पण या रानात, या समुद्रकाठी, रात्री कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून असावे, ही जी ओढ तुझ्या शेजाऱ्याला वाटते, तीच तुलाही वाटते. म्हणून त्याच्या जागेवरून जाताना थुंकू नकोस, दगड मारू नकोस, आणि घाबरूही नकोस. एवढे सांगितले असते तर वर्ग हसला नसता.

आता संरक्षणाच्या साधनांविषयी. आशीर्वादित पाणी, पदक, स्कापुलर, घरावरचा क्रूस या गोष्टींना ख्रिस्तसभेत मान आहे आणि असावा. परंतु १९९२ च्या ‘कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा’ या ग्रंथाने, २१११ व्या परिच्छेदात, अंतःकरणाची वृत्ती बाजूला ठेवून प्रार्थनेच्या वा संस्कारचिन्हांच्या केवळ बाह्य उच्चार-आचारालाच सामर्थ्य चिकटविणे यास अंधश्रद्धा म्हटले आहे. म्हणजे मीठ-मिरचीला हसणाऱ्या आपल्या सुशिक्षित पिढीने आपल्या गळ्यातील पदकाकडेही एकदा पाहावे. परीक्षेच्या दिवशी पदक घरी राहिले म्हणून रडणारे मूल आणि दिष्ट काढली नाही म्हणून घाबरणारे मूल यांत, धर्मशिक्षणाच्या दृष्टीने, फार अंतर नाही. या भीतीचा व्यापार करणारे भोंदूही असतात. त्यांच्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. तो कायदा सर्व धर्मांच्या भोंदूंना लागू आहे. ‘आमच्याकडे तसे काही नाही’ असे म्हणून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

याहून अवघड प्रश्न समुद्र विचारतो. मालवण, देवगड, वेंगुर्ला येथील मुलांच्या घरचे कुणी ना कुणी पाण्यावर असते. देव आपल्या दूतांना आज्ञा देईल आणि तुझा पाय दगडावर आपटू देणार नाही, अशा आशयाचे एक्याण्णवावे स्तोत्र आपण त्या मुलांना शिकवितो. मग एखाद्या पावसाळ्याच्या तोंडावर होडी परत येत नाही. तेव्हा ज्या मुलाला संरक्षण म्हणजे विम्याची पावती असे शिकविले गेले, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: देव खोटा, नाही तर बाबा पापी. या दोन्हींपैकी कोणतीही वाट मुलाने चालू नये, ही शिकविणाऱ्याची जबाबदारी आहे.

पवित्र शास्त्राने स्वतःच याची सोय केली आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात याच स्तोत्रातील वचने कोण उच्चारतो ते पाहावे. ती सैतान उच्चारतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असे तो म्हणतो. आणि प्रभू येशू देवाची परीक्षा पाहण्यास नकार देतो. ज्याने ते संरक्षण नाकारले, तो पुढे क्रुसावर मेला. दानिएलाच्या ग्रंथातील तीन तरुणही धगधगत्या भट्टीपुढे राजाला सांगतात की, आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे. आणि त्याने सोडविले नाही, तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. आपल्या बालकथांत भट्टीतील चौथा पुरुष रंगवून सांगितला जातो. ‘तरीही’ हा शब्द मात्र मुलांपर्यंत पोचत नाही. किनाऱ्यावरच्या मुलाला तोच शब्द आधी हवा. रक्षक दूत बाबांबरोबर पाण्यातही होता. बाबा आले नाहीत तरीही ते एकटे नव्हते. हे वाक्य सोपे नाही, पण ते खरे आहे, आणि मुलांना खरे वाक्य पेलते.

अखेरीस आणखी एक गोष्ट, जी या विषयावर लिहिताना टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या लहानांतील एकालाही तुच्छ मानू नका, त्यांचे दूत सदैव पित्याचे मुख पाहतात, हे रक्षक दूतांविषयीचे प्रसिद्ध वचन मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दहावे आहे. त्याच अध्यायातील सहाव्या वचनात, लहानांपैकी एकाला अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडविणे बरे, असे प्रभूने म्हटले आहे. दोन्ही वचने एकाच प्रवचनातील आहेत. आपण दहावे मुलांना शिकविले आणि सहावे मोठ्यांना शिकविण्यास विसरलो. त्याची किंमत जगभरच्या ख्रिस्तसभेने गेल्या काही दशकांत लाजेने मोजली आहे. भारतात २०१२ मध्ये बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा तक्रारी दडपल्या जाऊ नयेत म्हणून साऱ्या ख्रिस्तसभेसाठी नियम घालून दिले. ज्या धर्मशिक्षणात मुलाला ‘दूत तुझे रक्षण करील’ एवढेच सांगितले जाते, आणि कुणी मोठे माणूस चुकीने वागले तर कुणाकडे जावे, कसे बोलावे, हे सांगितले जात नाही, ते शिक्षण अपुरे आहे. सैतानाला शिंगे आणि शेपूट असते असे शिकलेले मूल, तो ओळखीच्या माणसाच्या रूपाने आला तर त्याला ओळखणार नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी रक्षक दूताचे एक जुने छापील चित्र होते. मोडक्या लाकडी पुलावरून दोन गोरी मुले चालली आहेत, मागे पांढऱ्या पंखांचा दूत हात पसरून उभा आहे, खाली पाणी खळाळत आहे. पूल परदेशातला असला तरी आपल्या मुलांनी तो साकव म्हणून ओळखला. पावसाळ्यात शाळेला जाताना असाच एक त्यांना ओलांडावा लागे. त्या चित्रातील पुलाची एक फळी तुटलेली असते. दूत मुलांना सांभाळतो, पण फळी बसवीत नाही; तो त्याचा उद्योग नव्हे. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या आपल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मुलांसाठी नवी पुस्तके होतील तेव्हा हे चित्र त्यांत जरूर असावे, साकव आपल्या गावचा असावा, मुले आपल्या रंगाची असावीत. आणि चित्राच्या एका कडेला, हातात फळी आणि हातोडा घेऊन येणारे कुणी मोठे माणूसही काढलेले असावे, अशी आमची सूचना आहे.